माउंट रोडवरच्या दोन इमारती

नमस्कार, श्रोतेहो.

चेन्नईतला माउंट रोड आता कागदोपत्री अण्णा सालै झाला आहे. त्या रस्त्यावर एक बसथांबा आहे, त्याचं नाव एलआयसी. मेट्रोचं स्थानक झालं, तर त्यालाही तेच नाव मिळालं. ज्या इमारतीमुळे हे नाव पडलं ती आयुर्विमा महामंडळाच्या दक्षिण विभागाची मुख्य कचेरी. पंधरा मजले, उंची १७७ फूट. आज तिच्या दुप्पट उंचीचे टॉवर गल्लोगल्ली दिसतात. पण १९५९ मध्ये ती खुली झाली, तेव्हा देशातली सगळ्यांत उंच इमारत म्हणून तिचा लौकिक होता. सिनेमात गावाकडचा नायक मद्रासला आला हे दाखवायचं, तर कॅमेरा आधी या इमारतीवर जायचा.

ही इमारत बांधायला काढली, तेव्हा एलआयसी अस्तित्वातच नव्हती. ती कथा सांगायची म्हणजे आधी थोडं मागे जायला हवं.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे विमा होता, पण तो मुख्यत्वे साहेबांचा. कलकत्त्यात १८१८ साली पहिली कंपनी निघाली ती युरोपियनांसाठी. पुढे हिंदी माणसाचा विमा उतरवायला लागले, पण त्याच्या आयुष्याचा भरवसा कमी धरायचे आणि हप्ता जास्त लावायचे. मुंबईत १८७० साली निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हा भेद मोडला आणि सर्वसाधारण दराने विमा दिला. मला ही घटना फार मोठी वाटते. माणसाच्या जिवाची किंमत त्याच्या रंगावर ठरणार नाही, हे एका हप्त्याच्या तक्त्यात लिहिलं गेलं. त्यानंतर १८७४ साली मुंबईतच ओरिएंटल आली. मग स्वदेशीची लाट उसळली, आणि १९०६ मध्ये मद्रासला युनायटेड इंडिया, कलकत्त्याला नॅशनल, तर १९०७ मध्ये हिंदुस्थान को-ऑपरेटिव्ह. ही शेवटची तर रवींद्रनाथांच्या जोडासांकोच्या वाड्यातल्या एका खोलीत जन्मली.

आता, खोलीत जन्मलेल्या या कंपन्यांना मोठाल्या इमारतींची हौस का? नुसती हौस नव्हती. तिशीतला एखादा मास्तर पॉलिसी घेतो. पुढची पंचवीस वर्षं पगारातून हप्ता भरतो. आणि पैसे कुणाला मिळायचे, तर कदाचित तो नसताना त्याच्या बायकोला. त्याच्या हातात काय असतं? एक कागद. ज्या कचेरीतून तो कागद आला, ती पंचवीस वर्षांनी जागेवर असेल का, हा त्याचा साधा प्रश्न. दगडी इमारत हे त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर होतं. दुसरं कारण हिशेबातलं. विमेदार तरुण असताना हप्ता जोखमीपेक्षा जास्त येतो, म्हातारपणी जोखीम हप्त्याला मागे टाकते. मधल्या काळात साठलेला पैसा सांभाळून गुंतवावा लागतो. मोठा भाग सरकारी रोख्यांत जातो, काही जागा-इमारतींत. म्हणजे कंपनीची इमारत हीसुद्धा विमेदारांच्याच पैशाची.

मुंबईकरांना याचे नमुने रोज दिसतात. ओरिएंटलच्या फोर्टातल्या कचेरीचं काम एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी केलं, म्हणजे ज्यांनी व्ही. टी. स्टेशन उभारलं तेच. १९३०च्या दशकातली न्यू इंडिया ॲश्युरन्सची इमारत तर थांबून बघावी अशी. मास्टर, साठे आणि भूता हे तिचे वास्तुकार, आणि दर्शनी भागावरची शिल्पं ना. ग. पानसरे यांची. सूत कातणारी बाई, कुंभार, शेतकरी. विमा उतरवणाऱ्या कंपनीने आपल्या दारावर शेटजींचे पुतळे लावले नाहीत, राबणारी माणसं कोरली. तिथून घाईने जाताना एकदा मान वर करून बघाच.

तर, मद्रास. युनायटेड इंडियाची सूत्रं एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांच्याकडे होती. विलक्षण माणूस. १९३७ मध्ये इंडियन ओव्हरसीज बँक काढली, ती एकाच दिवशी कारैकुडी, मद्रास आणि रंगून अशा तीन ठिकाणी उघडली. विमा कंपनीची मुख्य कचेरी माउंट रोडवर व्हावी आणि तशी इमारत शहराने आजवर पाहिलेली नसावी, हे त्यांचं स्वप्न. लंडनचे ब्राउन आणि मूलां हे वास्तुकार नेमले, १९५३ मध्ये आराखडे झाले. आणि १३ मार्च १९५४ रोजी सिंगापूरच्या कलांग विमानतळावर उतरताना विमानाला अपघात झाला, त्यात चेट्टियार गेले.

काम थांबलं नाही. पण दोन वर्षांतच कंपनीही गेली. ते कसं, हे समजायला त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या इमारतीकडे वळावं लागतं.

ती १८९७ सालची. डब्ल्यू. ई. स्मिथ नावाच्या औषधविक्रेत्यांनी बांधलेली, लाल विटांची, कमानींची, मिनारांची. १९३४ मध्ये लाहोरच्या भारत इन्शुरन्सने ती विकत घेतली आणि तिला भारत इन्शुरन्स बिल्डिंग म्हणू लागले. ही कंपनी पुढे रामकृष्ण दालमिया यांच्या हाती गेली. विमेदारांचे दोन कोटींहून अधिक रुपये शेअरच्या सट्ट्यातला तोटा भरायला वळवले गेले. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत हे प्रकरण उभं केलं. दालमियांना पुढे तुरुंगवास झाला. भारत इन्शुरन्स एकटी नव्हती. १९४५ ते १९५५ या दहा वर्षांत पंचवीस विमा कंपन्या दिवाळ्यात निघाल्या होत्या आणि आणखी पंचवीस इतक्या खंगल्या की त्यांचा कारभार दुसऱ्यांकडे सोपवावा लागला. यातली प्रत्येक बुडाली तेव्हा कुणाच्या तरी घरातला तो कागद रद्दी झाला.

आणि मग १९ जानेवारी १९५६ची संध्याकाळ. ज्या आकाशवाणीवरून मी आज बोलतो आहे, त्याच आकाशवाणीवरून अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख देशाशी बोलले आणि आयुर्विम्याचा कारभार सरकारने हाती घेतल्याचं जाहीर केलं. वटहुकूम शेवटपर्यंत गुप्त ठेवला होता, कारण सुगावा लागता तर कित्येक तिजोऱ्या रात्रीतून रिकाम्या झाल्या असत्या. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ भविष्यनिर्वाह संस्था, अशा २४५ संस्थांचा कारभार एका वटहुकमाने सरकारकडे आला. १ सप्टेंबरला महामंडळ सुरू झालं. पण ते बघायला देशमुख मंत्रिपदावर नव्हते. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयावर जुलैतच त्यांनी राजीनामा दिला होता. आपण चिंतामणरावांना त्या राजीनाम्यासाठी आठवतो, ते योग्यच आहे. पण त्याच वर्षातलं हे दुसरं कामही तितक्याच अभिमानाने आठवावं, असं मला मनापासून वाटतं. महामंडळ ज्या कायद्याने स्थापन झालं, त्याच्या ३७व्या कलमाने पॉलिसीच्या रकमेला, बोनससकट, केंद्र सरकारची हमी दिली. बुडालेल्या कंपन्यांच्या अनुभवातून आलेलं हे कलम आहे.

सरकारी झालं म्हणून सारं स्वच्छ झालं असंही नाही. वर्षभरातच महामंडळाने हरिदास मुंदडा या सट्टेबाज उद्योगपतीच्या अडचणीतल्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. फिरोज गांधीच पुन्हा उठले, न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत जाहीर चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं. पैसा कुणाचा, हे विचारणारं कुणीतरी लागतंच.

इकडे माउंट रोडवर काँक्रीट चढत होतं. १९५७ मध्ये लंडनचे वास्तुकारही निघून गेले. मग काम आलं एल. एम. चितळे यांच्याकडे. आडनाव तुम्ही बरोबर ऐकलंत. १९३२ पासून मद्रासमध्ये व्यवसाय करणारे हे वास्तुकार. चुना-विटांच्या बांधकामाला सरावलेल्या शहरात काँक्रीटची एवढी उंची त्यांनी पुरी करून दाखवली. २३ ऑगस्ट १९५९ रोजी मोरारजी देसाईंनी उद्घाटन केलं. चेट्टियार नव्हते, त्यांची आयुर्विमा कंपनी नव्हती, मूळ वास्तुकार नव्हते, राष्ट्रीयीकरण करणारे अर्थमंत्री नव्हते. पण युनायटेड इंडियाची १९४० सालची पॉलिसी ज्याच्या घरी होती, त्याचा क्लेम द्यायला कचेरी होती. जुलै १९७५ मध्ये तिला मोठी आग लागली, त्यातूनही सांगाडा तगला, इमारत पुन्हा वापरात आली.

दुसऱ्या इमारतीचं नशीब असं नाही. भारत इन्शुरन्सबरोबर तीही महामंडळाकडे आली. २००६ मध्ये ती पाडायला सुरुवात झाली, तेव्हा इंटॅक ही वारसा जपणारी संस्था उच्च न्यायालयात गेली आणि पाडकाम थांबलं. २०१० मध्ये न्यायालयाने ती जपावी असा निकाल दिला. त्यानंतरही ती वर्षानुवर्षं पडक्या अवस्थेत, झाडोऱ्यात उभी राहिली. माझं स्पष्ट म्हणणं आहे, महामंडळाने ती नीट दुरुस्त करावी आणि खालचा मजला लोकांना खुला करावा. बॉम्बे म्युच्युअलचा हप्त्याचा तक्ता, २४५ संस्थांच्या जुन्या पॉलिसी, १९ जानेवारीचा तो वटहुकूम, मुंदडा चौकशीचे कागद, हे सगळं मांडायला त्याहून योग्य जागा नाही. खर्च विमेदारांच्या पैशातून होईल हे खरं. पण ज्या घरात त्यांचा पैसा एकदा लुटला गेला, त्या घराचा हिशेब बघायचा हक्कही त्यांचाच आहे.

नमस्कार.