राखणीची बंदूक

हे जे भिंतीवर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलंय ना, ती बंदूक आहे. ठासणीची. सिंधुदुर्गातल्या एका वाडीतलं मातीचं घर, मागे काजूची बाग, खाली भाताचे कुणगे, म्हणजे शेताचे छोटे तुकडे, आणि घरातले काका पंचाहत्तरीचे. वडलांच्या वेळचा परवाना नंतर यांच्या नावावर झाला. आम्ही विचारलं बंदूक कशाला लागते, तर म्हणाले, "बंदूक खंय, राखण आसा ही."

आपल्याकडे बंदुकीचा विषय निघाला की लगेच अमेरिका येते. शाळेतला गोळीबार, टीव्हीवरच्या बातम्या, आणि तिथल्या घटनेतली ती १७९१ ची दुसरी दुरुस्ती, जिच्यामुळे शस्त्र बाळगणं हा तिथे हक्कच आहे. मग आपण दोन बाजूंनी भांडतो, एक म्हणतो सगळ्यांना द्या, दुसरा म्हणतो कोणालाच नको, आणि या भांडणात कोकणातला शेतकरी कुठेच दिसत नाही.

आधी ही बंदूक चालते कशी ते बघा. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, त्यावर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, परत बोळा, परत ठासायचं, आणि शेवटी मागच्या बाजूला केप, म्हणजे ठिणगी पाडणारी बारीक टोपी, बसवायची. एवढं करून एक बार निघतो. एकच! दुसरा भरेपर्यंत डुक्कर शेत सोडून पार ओहोळापलीकडे गेलेलं असतं. काका तर बहुतेक वेळा आकाशाकडे नळी धरूनच बार काढतात, कारण माकडावर छर्रा मारायला हात धजावत नाही, मारुतीचं रूप ते, आणि डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. आवाज झाला की कळप तेवढा पांगतो, बस.

आता कायद्याचं. इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा आणला, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, आणि हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी झाली, युरोपियनांना मात्र सूट. हा अपमान लोकांच्या मनात एवढा खोल गेला होता की १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात शस्त्र बाळगायचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये लिहिला गेला, नियमांच्या अधीन राहून का होईना. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी तोच हक्क घटनेत घालायची दुरुस्ती मांडली, आणि डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. १९३१ ची गोष्ट वेगळी होती, तेव्हा राज्य परक्याचं होतं, हा त्यांचा मुद्दा. आपल्या घटनेच्या कलम १९ मध्ये एकत्र जमायचा हक्क आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र. मला विचाराल तर बाबासाहेबांचं बरोबरच होतं. ज्या देशात गावागावात जातीवरून हाणामाऱ्या होतात तिथे बंदूक हा हक्क झाला असता तर ती आधी कोणाच्या हातात गेली असती आणि कोणावर रोखली गेली असती, हे सांगायला नको.

पण हक्क नाही याचा अर्थ गरज नाही असा होत नाही ना, आणि हे १९५९ च्या शस्त्र कायद्यालाही कळतं. त्यातल्या कलम १३ मध्ये पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे, खरी गरज असेल तर परवाना द्यावा असंच ते कलम सांगतं. सह्याद्रीच्याच रांगेत खाली कर्नाटकात कोडगूच्या (कूर्गच्या) कोडव समाजाला तर इंग्रजांपासून परवान्यातूनच सूट आहे, २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली, त्यांच्या कैलपोध सणाला बंदुकीची पूजा होते. आमच्या काकांना तशी सूट नकोय. त्यांना फक्त हंगामात बंदूक घरात हवी आहे.

कारण निवडणूक लागली की परवानावाल्यांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायच्या नोटिसा निघतात. २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं होतं की सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेऊ नका, एकेकाचं प्रकरण तपासा. तरी नोटीस आली की म्हातारा माणूस कोर्टाचा निकाल घेऊन थोडाच भांडायला जाणार, तो बंदूक चादरीत गुंडाळतो आणि एसटी पकडतो. २०२४ सालचं कॅलेंडर काढून बघा. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, तेव्हा काजू ऐन भरात आणि आंबा तयार होत आलेला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली, तेव्हा भात पिवळं होऊन कापणीला आलेलं. म्हणजे वर्षातली दोन्ही पिकं, दोन्ही वेळा!

दुसरी बाजू लपवायची नाही. याच जिल्ह्यांत बिनपरवाना गावठी बंदुका आहेत, रात्री शिकारीला टोळ्या जातात, आणि डुक्कर समजून बरोबरच्याच माणसाला गोळी लागली अशा बातम्या अधूनमधून येतात, दरवेळी वाचून पोटात गोळा येतो. त्यावर कडक कारवाई झालीच पाहिजे. पण ज्याच्याकडे परवाना आहे, ज्याची बंदूक पोलिसांच्या रजिस्टरमध्ये नंबरासकट आहे, तोच दरवेळी ठाण्यात हेलपाटे घालतो, आणि ज्याच्याकडे कागदच नाही त्याला नोटीस तरी कुठल्या पत्त्यावर जाणार?

त्या ऑक्टोबरात बंदूक ठाण्यात, आणि काका मांगरात, शेतावरच्या खोपटात, झोपायला गेले. झोपायला म्हणजे जागायला. हा पत्र्याचा डबा बघा, तेलाचा, एका बाजूने पार चेपलाय. रात्री खसखस ऐकू आली की काठीने हा बडवायचा, आणि तोंडाने हाळी. पहिल्या दोन रात्री डुकरं पळाली. तिसऱ्या रात्री त्यांनी डबा बडवला, कळप थोडा थांबला, आणि परत भातात शिरला. सकाळी बॅटरी बंद करून काका खाली उतरले तेव्हा वरचा कुणगा झोपलेला होता, लोंब्या चिखलात तुडवलेल्या. त्यांनी उभं राहिलेलं तेवढं कापून घेतलं.