विजेची मोटार घेण्यापूर्वी पार्किंगमध्ये जाऊन या

मित्रहो, विजेवर चालणारी मोटार घ्यावी का, हा विषय आजकाल लग्नाच्या पंगतीतही निघतो. ज्याने गाडी घेतली आहे तो ‘डोळे मिटून घ्या’ म्हणतो आणि ज्याने घेतलेली नाही तो ‘अजून पाच वर्षे थांबा’ म्हणतो. दोघेही आपापल्या निर्णयाची बाजू मांडत असतात, त्यामुळे त्यातून तिसऱ्याला फारसे काही हाती लागत नाही. माझ्या मते गाडी कोणती आणि तिची रेंज किती, म्हणजे एकदा चार्ज केल्यावर ती किती धावते, हे प्रश्न नंतरचे आहेत. आपली गाडी रात्री कुठे उभी राहते आणि तिथवर वीज कशी पोहोचते, हे आधी पाहिले पाहिजे.

बंगल्यात राहणाऱ्यांचे काम सोपे आहे. मात्र पुण्या-मुंबईत आपल्यापैकी बहुतेक जण सोसायटीत राहतात. मीटर रूम एका टोकाला असते आणि आपल्या वाट्याची पार्किंगची जागा दुसऱ्या टोकाला. गाडी चार्ज करण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे आणि घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करण्यासही मुभा आहे. तरीही आपल्या मीटरपासून जागेपर्यंत केबल ओढायची म्हटली की ती सामाईक भिंतीवरून, दुसऱ्यांच्या गाड्यांच्या डोक्यावरून जाणार, आणि त्यासाठी कमिटीची संमती लागणार. म्हणून बुकिंगची रक्कम भरण्याआधी एखाद्या जाणत्या वायरमनला घेऊन मीटरपासून जागेपर्यंत चालत जावे, केबलची लांबी मोजावी, अर्थिंग तपासून घ्यावे आणि घराला मंजूर झालेला विजेचा भार पुरेसा आहे का, हे वीजबिलावर पाहावे.

यात एक गोष्ट फार हलक्यात घेतली जाते. गाडीबरोबर मिळणारा साधा चार्जर १५ अँपिअरच्या पॉवर प्लगवर चालतो आणि साधारण ३ किलोवॅट वीज घेतो. म्हणजे तासाला ३ युनिट, या हिशोबाने ३० युनिट भरायला दहा तास लागतात. गिझरही जवळपास तेवढाच भार घेतो, पण तो पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. इथे तोच प्रवाह रात्रभर सलग वाहत राहतो. पिन सैल बसत असेल किंवा तार बारीक असेल, तर काही आठवड्यांत सॉकेटच्या भोकांभोवतीचे पांढरे प्लास्टिक पिवळट, मग तपकिरी होते आणि पहाटे हात लावला तर चटका बसतो. असे सॉकेट दिसले की ते ताबडतोब बदलावे, एक्स्टेन्शन बोर्ड तर वापरूच नये आणि शक्य असल्यास स्वतंत्र एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा स्विच) व आरसीसीबी (वीज गळू लागल्यास ती तोडणारा स्विच) लावून भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवावा. गाडीवर पंधरा लाख घालणारी माणसे केबलच्या पाच-सात हजारांत काटकसर करतात, ते मला कधीच समजलेले नाही.

आता पैशांकडे वळू. समजा, महिन्याला १,००० किलोमीटर धावणे होते, पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये आहे. खर्च सुमारे ६,९०० रुपये. तेवढ्याच अंतराला मध्यम आकाराची विजेची गाडी, चार्जिंगमधली गळती धरून, १६५ युनिट घेईल. इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो, कारण ते बिलावरचा सरासरी दर धरतात. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतात आणि गाडीची युनिटे घरच्या वापरावर जाऊन बसतात, म्हणजे ती नेहमी महागड्या टप्प्यातली असतात. त्यांचा दर कर वगैरे धरून १५ रुपये मानला, तरी खर्च २,५०० रुपयांच्या आत राहतो. वर्षाला पन्नास-बावन्न हजार वाचले आणि दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक असला, तर तो सहा वर्षांत भरून निघतो. महिन्याला ५०० किलोमीटरच फिरणाऱ्याला मात्र त्यासाठी जवळपास बारा वर्षे लागतील. छतावर सौर पॅनेल असल्यास हे गणित पुष्कळ सुधारते. सगळी भिस्त बाहेरच्या महागड्या फास्ट चार्जरवर असल्यास तितकेच बिघडते.

करांच्या बाबतीतही जुनी माहिती घेऊन फिरू नये. विजेच्या गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची प्राप्तिकरातली ८०ईईबी कलमाखालची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. विजेच्या गाड्यांवर २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा करही २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने किमतीतला फरक उलट वाढला. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने विजेच्या गाड्यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी दिली. दर आठवड्याला मुंबई गाठणाऱ्याने ती जरूर हिशोबात धरावी.

रेंजची भीती मला थोडी फुगवलेली वाटते, पण ती निराधार नाही. कंपनी सांगते तो आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. २०२० मध्ये आलेल्या टाटांच्या नेक्सॉन गाडीच्या पहिल्या विजेच्या आवृत्तीचा प्रमाणित आकडा ३१२ किलोमीटर होता. रस्त्यावर लोकांना दोनशे-सव्वादोनशे मिळत. छापील आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करावा, म्हणजे फसगत होत नाही. बोरघाटाची धास्तीही मोजूनच घ्यावी. सतराशे किलोची गाडी सहाशे मीटर वर चढवायला तीन-साडेतीन युनिटे जास्तीची लागतात आणि उतरताना मोटर जनित्रासारखी चालून त्यातला बराच भाग परत बॅटरीत घालते. घाटापेक्षा सपाट रस्त्यावर ताशी ११० च्या वेगाने गाडी हाकणे बॅटरीला अधिक भारी पडते, कारण वेग वाढला की हवेचा अवरोध वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांनी मात्र विचार करावा: सगळे एकाच दोन दिवसांत निघतात आणि महामार्गावरच्या चार्जरपाशी आपल्या पुढे दोन गाड्या असल्या, तर दीड तास सहज जातो.

प्रदूषणाचे म्हणाल, तर गाडीमागे धूर नाही, पण चंद्रपूर-कोराडीच्या औष्णिक केंद्रांत तो आहेच. लिटरभर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि आपल्या देशातल्या एका युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलो. वरच्याच उदाहरणात महिन्याला १५० किलोच्या जागी ११५ किलो होतात, आणि बॅटरी बनवताना झालेले उत्सर्जन वेगळेच. फायदा आहे, जाहिरातीत दिसतो तेवढा नाही.

राहता राहिली बॅटरी. बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर यांची हमी देतात, पण क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळेल, हे बारीक अक्षरांत असते. काही कंपन्यांची ‘आजीवन’ हमी पहिल्या मालकापुरतीच असते, आणि पाच वर्षांनी गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा नेमके तेच विचारेल. ते कलम सही करण्याआधी वाचून घ्यावे. विक्रेत्याने तोंडी दिलेल्या आश्वासनावर विसंबू नये.