जुन्या पुस्तकाला तो वास येतो कुठून?

(कॅमेऱ्यासमोर. हातात पिवळ्या पानांचं एक पुस्तक.)

नमस्कार मंडळी! पुस्तकवेडा माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या हातात असं जुनं पुस्तक द्या. तो मधोमध पुस्तक उघडणार, नाक आत घालणार आणि डोळे मिटून घेणार. अप्पा बळवंत चौकात, फोर्टच्या फूटपाथवर, वाचनालयाच्या दोन कपाटांच्या मधल्या बोळात, सगळीकडे मी ही माणसं पाहिलीत. मीही त्यांच्यातलीच. आज या वासाबद्दल बोलूया, कारण पुस्तकाच्या तब्येतीची पुष्कळशी बातमी त्यात असते.

आधी कागद बघू. जुन्या काळी कागद व्हायचा चिंध्यांचा, नाहीतर तागासारख्या धाग्यांचा. आपल्याकडे जुन्नर आणि दौलताबादचा हातकागद नावाजलेला होता. मग १८४० च्या दशकात जर्मनीत लाकूड दळून लगदा करायची युक्ती निघाली. कागद स्वस्त झाला आणि पुस्तकं सामान्य माणसाच्या हातात आली. हे फार मोठं काम झालं. पण लाकडाबरोबर कागदात लिग्निनही आलं. लिग्निन म्हणजे झाडाला ताठ उभं ठेवणारा पदार्थ. हवा आणि उजेड लागला की ते पिवळं पडतं. शिवाय शाई पसरू नये म्हणून कागदाला तुरटीच्या जातीचा क्षार आणि राळ लावायचे. त्यातून आम्ल तयार होतं, आणि हे आम्ल कागदाचे धागे आतून तोडत राहतं.

म्हणूनच अडीचशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद अजून हातात नीट धरता येतो, आणि १९५० च्या आसपासच्या स्वस्त कादंबरीचं पान कोपरा दुमडला तरी तुटतं. मला हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आपल्या आजी-आजोबांनी पैसे साठवून घेतलेली पुस्तकंच सगळ्यात नाजूक निघाली!

(पान कॅमेऱ्याजवळ नेत)

आता वास. हे धागे आणि लिग्निन तुटताना बारीक बारीक रेणू हवेत सुटतात. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा सुगंध. बेन्झाल्डिहाइड, म्हणजे बदामाचा. फरफ्युराल, तेही गोडसर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मातिया स्ट्रलिच यांच्या गटाने २००९ साली ७२ जुन्या कागदांतून सुटणारे हे रेणू तपासले. कागदात लिग्निन किती, राळ किती, आम्ल किती याचा अंदाज नुसत्या वासावरून लागतो, असं त्यांना दिसलं. पानाचा कपटाही फाडावा न लागता! २०१७ मध्ये त्यांच्याच सहकारी सेसिलिया बेंबिब्रे यांच्या अभ्यासात, कशाचा आहे ते न सांगता लोकांना जुन्या पुस्तकाचा वास दिला, तर सगळ्यात जास्त वेळा चॉकलेटचं नाव निघालं. त्याखालोखाल कॉफीचं.

तर आपल्याला आवडणारा तो गोड वास म्हणजे कागद झिजत असल्याची खूण. मला त्यामुळे तो वास नकोसा नाही झाला. उलट गोड वास जरा जास्तच आला की मी ते पुस्तक उन्हाच्या खिडकीपासून लांब नेते.

कुबट वास मात्र वेगळा. ती बुरशी. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात ती हमखास येते. तो वास कौतुकाने घ्यायचा नाही, दमा असेल तर मुळीच नाही. पुस्तक वेगळं काढा, हवेशीर जागी पूर्ण सुकू द्या, मग मास्क लावून मोकळ्या जागेत मऊ ब्रशने झटका.

आणि कसर! ती चंदेरी, सुळकन पळणारी. तिला कथानकाशी देणंघेणं नाही, तिला हवी असते बांधणीतली खळ. म्हणून जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे. कसर लागलेलं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पुस्तक घरातल्या हवेइतकं कोमट होऊ दे, नाहीतर त्यावर पाणी सुटेल.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. हात जोडून सांगते. काही वर्षांत तो तपकिरी होतो, आणि अक्षरं त्याखाली अडकतात.

पोथ्या नकलणारे लोक हे ओळखून होते. पोथी संपली की शेवटी एक श्लोक लिहायचे, त्यात पुस्तक स्वतः बोलतं: मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. छापखाना नव्हता तेव्हा, एकेक अक्षर हाताने काढलेलं. ते शेवटचं वाक्य म्हणजे पुस्तक उसनं देताना माझ्या मनात जे येतं, अगदी तेच!

पावसाळा सरला की एक अख्खा रविवार राखून ठेवा. कपाट रिकामं करा, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पुस्तकं सावलीत उघडी ठेवा. आवरायला संध्याकाळ होणार हे धरून चाला, कारण प्रत्येक पुस्तक उघडलं जातं, अर्पणपत्रिका वाचली जाते, कुणाची सही, लग्नात भेट दिल्याची तारीख, एसटीचं तिकीट सापडतं. त्यात वर्तमानपत्राची कात्रणं असतील तर बाहेर काढा. त्यांचं आम्ल शेजारच्या पानावर तपकिरी चौकोन उमटवतं. कात्रण वेगळ्या पाकिटात घाला, आणि ते कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर होतं ते पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवा.