२९ फेब्रुवारीचा पगार

श्रोतेहो, नमस्कार.

२९ फेब्रुवारी २०२० हा दिवस सरकारी नोकरीतल्या मंडळींना आठवत असेल. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तो त्या दिवसापासून. वार शनिवार. चार वर्षांतून एकदा येणारा जादा दिवस आला आणि शासकीय कार्यालयांत तो सुट्टीचाच ठरला. बदल्यात रोजच्या कामाची वेळ पाऊण तासाने वाढली, हेही खरं. पण त्याच शनिवारी आपल्या सोलापुरात नवी पेठेतली दुकानं उघडी होती, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालू होते. दुकानातल्या सेल्समनचा, कारखान्यातल्या सुपरवायझरचा, वॉचमनचा एक दिवस वाढला होता. महिन्याचा पगार मात्र जानेवारीत होता तेवढाच.

लीप वर्षात पगारदार माणसाला एका दिवसाचा पगार जादा मिळावा का, यावर मला आज बोलायचं आहे. हा प्रश्न कुणी काढला की लोक हसून सोडून देतात. मला तो हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. माझं म्हणणं असं आहे, की ज्याच्या पगारातून एका खाड्याचे पैसे कापले जातात, त्याला वाढलेल्या दिवसाचे पैसे मिळाले पाहिजेत. सरसकट सगळ्यांना द्या असं मी म्हणत नाही. पण त्याला मिळालेच पाहिजेत.

मी हिशेब लिहिणारा माणूस आहे. दुकानांची, छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं करतो. हजेरीचं छापील मस्टर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. डाव्या बाजूला नावं, मग १ ते ३१ आकड्यांचे उभे रकाने आणि उजव्या टोकाला एकूण दिवस, खाडे, उचल, कपात आणि हाती पडणारी रक्कम. फेब्रुवारी आला की २९, ३० आणि ३१ या तीन रकान्यांवरून लाल शाईची रेघ मारायची. लीप वर्षात ती रेघ ३० पासून मारायची. २९ चा रकाना मोकळा राहतो आणि त्यात प्रत्येकाच्या नावापुढे हजेरी भरली जाते. उजवीकडच्या ‘एकूण दिवस’ या रकान्यात आकडा एकाने वाढतो. त्याच्या पलीकडचा, पैशांचा आकडा हलत नाही. आता त्याच ओळीत एखाद्याने मधल्या बुधवारी दांडी मारलेली असेल, तर पैशांचा आकडा लगेच हलतो. दिवस कमी झाला तर त्याला किंमत आहे आणि जास्त झाला तर नाही. हे कसं काय, असं एका दुकानातल्या पोरानं मला विचारलं, “काका, खाडा धरता, मग हा का नाही धरत?” त्याला देण्याजोगं उत्तर मला त्या मस्टरमध्ये सापडलं नाही.

कायद्याने पाहिलं तर मालकाची बाजू भक्कम आहे. मासिक पगार ठरतो तो महिन्याचा. महिना २८ दिवसांचा असो की ३१ चा, रक्कम एकच. मालक म्हणतात, २८ दिवसांच्या फेब्रुवारीत पूर्ण पगार घेता, तेव्हा कुणी दोन दिवसांचे पैसे परत आणून देतं का? मुद्दा बिनतोड वाटतो, पण वर्षभराचा हिशेब मांडा. वर्षात ३१ दिवसांचे महिने सात. फेब्रुवारीत जे दोन दिवस कमी भरतात, ते या सात महिन्यांत केव्हाच भरून निघतात. बारा पगार ३६५ दिवसांचे, हा व्यवहार दोन्हीकडून मान्य झालेला आहे. ३६६ वा दिवस त्या व्यवहाराच्या बाहेरून आला. ऋतूंचं एक चक्र पुरं व्हायला ३६५ दिवसांवर आणखी सुमारे ५ तास ४८ मिनिटं लागतात, ते तास साठून हा दिवस होतो. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी पंचांग सुधारलं आणि ४०० वर्षांत ९७ लीप वर्षं हा नियम बसवला. म्हणून १९०० हे लीप वर्ष नव्हतं आणि २००० होतं. ही सगळी व्यवस्था ऋतू जागेवर राहावेत म्हणून. तिचा भार पगारदारावर पडावा, असं काही त्यात म्हटलेलं नाही.

रक्कम किती, तेही बघू. महिना १८,००० रुपये पगार धरा. वर्षाचे २,१६,००० झाले. त्याला ३६६ ने भागलं तर दिवसाला ५९० रुपये येतात. पण आपल्याकडे एका दिवसाची किंमत काढायची दुसरी रीत आहे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात महिना २६ दिवसांचा धरला होता, कारण साप्ताहिक सुट्टीचे दिवस कामाचे नव्हेत. त्या रीतीने दिवसाचे ६९२ रुपये झाले. दर वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांची ग्रॅच्युइटी यानेच निघते आणि ती १०,३८५ रुपये भरते. ३० ने भागलं असतं तर ९,००० च झाली असती. म्हणजे एक दिवस किती रुपयांचा, हा प्रश्न क्षुल्लक नाही. त्यावर कायद्याला स्पष्ट बोलावं लागलेलं आहे. काही ठिकाणी खाडा कापताना २६ ने भागतात, म्हणजे ६९२ रुपये जातात. तिथे २९ फेब्रुवारीचेही ६९२ च यायला हवेत.

आता एक गोष्ट माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, पण ती सांगितली नाही तर हिशेब खोटा होईल. रविवारची सुट्टी असणाऱ्याचं कामाचं वर्ष किती दिवसांचं, हे नुसत्या लीपवर ठरत नाही, वारावरही ठरतं. २०२३ मध्ये ५३ रविवार होते. रविवार वजा जाता ३१२ दिवस उरले. २०२४ लीप वर्ष होतं आणि रविवार ५२ च, म्हणून दिवस ३१४. एका वर्षात दोन दिवसांची वाढ. पुढचं लीप वर्ष २०२८. ते शनिवारी सुरू होतंय, त्यात शनिवारही ५३ आणि रविवारही ५३. रविवार सुट्टीवाल्याला तेव्हा ३१३ दिवस भरावे लागतील, म्हणजे नेहमीच्या वर्षाइतकेच. शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी असणाऱ्याला २६०. त्याचा तर एकही दिवस वाढणार नाही. म्हणूनच मी सरसकट जादा पगार मागत नाही. ज्याला पाच दिवसांचा आठवडा आहे, किरकोळ रजा आहे, दोन तास उशीर झाला तरी ज्याचा पगार अडत नाही, त्याने २९ तारखेचं वेगळं बिल लावू नये. त्याचा पगार खरोखरच महिन्याचा आहे. ज्याचा पगार नावाला महिन्याचा आणि कापायच्या वेळी रोजचा, त्याचं गाऱ्हाणं वेगळं आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या बिडी वळणाऱ्या बायकांना हा प्रश्न अशा रूपात भेडसावतच नाही. त्यांची मजुरी हजार बिड्यांवर. वळल्या तर पैसे, छाटात गेल्या, म्हणजे नापास ठरल्या, तर नाहीत. मागावरच्या कामगाराचंही बहुतेक ठिकाणी तसंच, जेवढा माल निघेल तेवढी मजुरी. त्यांचं दुखणं दराचं आहे आणि ते फार मोठं आहे. त्यासाठी वेगळं भाषण करावं लागेल.

शेतात मात्र हाच प्रश्न कितीतरी मोठा होऊन येतो, आणि त्याकडे आपलं लक्ष जात नाही. आपल्या जिल्ह्यात मोहोळकडे, बार्शीकडे, मंगळवेढ्याकडे सालगडी ठेवायची पद्धत आहे. साल ठरतं पाडव्याला आणि संपतं पुढच्या पाडव्याला. रक्कम एकच, काही उचल आधी, बाकी सालभरात. आता पंचांग उघडा. २०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला आणि २०२६ चा १९ मार्चला. हे साल भरलं ३५४ दिवसांचं. २०२७ चा पाडवा ७ एप्रिलला, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ येतो. १९ मार्च २०२६ ते ७ एप्रिल २०२७ हे साल ३८४ दिवसांचं. तब्बल एक महिना जादा. धोंड्याच्या महिन्यात आपण जावयाला बोलावतो, अनारसे करतो, दानधर्म करतो. तीस-तीन म्हणून तेहेतीस अनारसे मोजून वाण देतो. त्या महिन्यात गोठ्यातलं शेण काढणं, वैरण टाकणं, रात्रीच्या लायटीवर पिकाला पाणी धरणं चुकलेलं नसतं. सालगड्याने तीस दिवस जादा राबायचं असेल, तर साल ठरवतानाच अधिक महिना धरलाय की नाही, हे चार माणसांसमोर बोललं गेलं पाहिजे. ज्या घरात धोंड्याचं दान मनापासून होतं, तिथे गड्याच्या त्या महिन्याचा हिशेब आधी व्हावा, असं मला फार वाटतं.

परत शहरात येतो. दुकानदार म्हणतील, धंद्याची परिस्थिती बघा, तुम्ही आणखी एक खर्च मागे लावताय. मी त्यांचीच वही लिहितो, मला त्यांची ओढाताण ठाऊक आहे. म्हणून आकडाच सांगतो. १८,००० पगाराची दहा माणसं असतील, तर २९ फेब्रुवारीचे होतात ६,९२३ रुपये. चार वर्षांतून एकदा. ४८ महिन्यांत वाटले तर महिन्याला १४४ रुपये, दहा माणसांचे मिळून. दुकानात दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाजलेल्या चहाचा खर्च याहून जास्त होतो. घेणाऱ्याच्या घरी मात्र ६९२ रुपयांत गॅस सिलेंडरचे बरेचसे पैसे निघतात. त्या घरात २९ तारखेला दूध आलेलं असतं, भाजी आलेली असते, पेट्रोल जळलेलं असतं. दूधवाला कॅलेंडरवर टिपलेल्या दिवसांप्रमाणे पैसे घेतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

पैसे देणं अगदीच जड वाटत असेल त्यांनी एक भरपगारी सुट्टी द्यावी. २९ तारखेलाच द्या असं नाही. मार्चअखेरपर्यंत ज्याला जेव्हा सोयीची पडेल तेव्हा. गिऱ्हाइकी कमी असते असे दिवस प्रत्येक दुकानदाराला माहीत असतात.

कंत्राटी कामगारांबाबत अधिक सावध राहायला हवं. वॉचमन, सफाई कामगार, ऑफिसातला शिपाई, हे आता बऱ्याच ठिकाणी कंत्राटदारामार्फत येतात. कंत्राटदाराने वर बिल लावताना २९ ड्युट्या दाखवल्या आणि खाली माणसाला ठरलेला महिनाच दिला, तर मधल्या एका दिवसाचे पैसे त्याच्याकडे राहिले. ज्या कार्यालयात ही माणसं काम करतात, तिथल्या अधिकाऱ्याने फेब्रुवारीचं बिल मंजूर करताना शेजारी पगारपत्रक ठेवून दोन्हीतले दिवस ताडून पाहावेत. पाच मिनिटांचं काम आहे.

२९ फेब्रुवारी २०२८ ला मंगळवार आहे. तोवर दोन दिवाळ्या असतील, बोनसची बोलणी होतील, नेमणूकपत्रं नवी होतील. बोलणी चालू असतानाच हा विषय काढा. नेमणूकपत्रात एवढं एकच वाक्य घालून घ्या: ‘गैरहजेरीच्या दिवसाची कपात ज्या दराने होईल, त्याच दराने २९ फेब्रुवारीच्या हजेरीचा मोबदला मिळेल.’ मी ज्यांचं काम पाहतो त्या मालकांपुढे हेच वाक्य ठेवणार आहे. तुम्ही मालक असाल तर कुणी मागायची वाट न पाहता ते घाला, आणि नोकरीत असाल तर एकट्याने न जाता चौघांनी मिळून मागा.

नमस्कार.