नोटेवरची सही

ही जुनी नोट जरा जवळून बघा. चित्र इंग्लंडच्या राजाचं, सहाव्या जॉर्जचं. आणि गव्हर्नर म्हणून खाली सही आहे चिंतामण द्वारकानाथ देशमुखांची. महाडहून रायगडाकडे जाताना नाते हे गाव लागतं. तिथे १८९६ साली जन्मलेल्या मुलाची ही सही.

चेहरा राजाचा, सही आपल्या माणसाची. चिंतामणरावांचा जन्मभराचा पेच या एवढ्याशा कागदावर मावलाय.

१९१८ साली ते लंडनला आयसीएसच्या, म्हणजे इंग्रज सरकारच्या वरिष्ठ सनदी नोकरीच्या, परीक्षेत पहिले आले. नोकरी धरावी की चळवळीत उतरावं? लोकमान्य टिळक तेव्हा लंडनमध्येच होते. त्यांनी सांगितलं, नोकरी करा, हा अनुभव उद्या स्वराज्याला लागेल. पुढे नागपूरकडे मध्य प्रांतात नोकरी, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग 'सर' ही पदवी. १९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं आणि १९५२ मध्ये कुलाबा जिल्ह्याने, म्हणजे आजच्या रायगडने, लोकसभेवर पाठवलं. टिळकांचं म्हणणं खरं ठरलं होतं.

आता मुंबईत, या फ्लोरा फाउंटनच्या चौकात या. १६ जानेवारी १९५६. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवणार, अशी घोषणा पंतप्रधानांनी रेडिओवरून केली. शहर पेटलं. पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं पडू लागली. त्याच आठवड्यात, १९ तारखेच्या संध्याकाळी, रेडिओवर पुन्हा एक आवाज आला. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण होणार, असं अर्थमंत्री सांगत होते. तो आवाज चिंतामणरावांचा होता. कुलाब्याच्या खासदाराचा.

मला त्यांच्या आयुष्यातली हीच संध्याकाळ सगळ्यात जड वाटते. काम वाईट असतं तर सोडून येणं सोपं होतं. पण कितीतरी घरांची पुंजी सुरक्षित करणारा तो निर्णय होता, आणि तो सांगायला ते ज्या सरकारच्या वतीने बसले होते, त्याच सरकारवर त्यांची स्वतःची माणसं गोळीबाराचा दोष ठेवत होती. सत्तेची चाकरी माणसाला धरून ठेवते ती अशी, चांगल्या कामाच्या धाग्याने.

राजीनामा त्यांनी जानेवारीतच देऊ केला होता. थांबा म्हटल्यावर थांबले. फेब्रुवारीत अर्थसंकल्पही मांडला. जूनमध्ये नेहरूंनी मुंबईत येऊन जाहीर केलं, की शहर पाच वर्षं केंद्राकडेच राहील. एवढा मोठा निर्णय, आणि मंत्रिमंडळात त्याची चर्चासुद्धा नाही, ही चिंतामणरावांची तक्रार होती. सहा महिने का थांबले, असं आज विचारता येतं. तो प्रश्न रास्तच आहे. पण सारी हयात हाताखाली काम करण्यात गेलेल्या माणसाला 'नाही' म्हणायला किती बळ गोळा करावं लागलं असेल, तेही बघायला हवं.

जुलैच्या अखेरीस लोकसभेत ते उभे राहिले आणि पंतप्रधानांच्या समोर बोलले. या वागण्यात महाराष्ट्राविषयी आकस आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अर्थमंत्रिपद त्यांनी सोडलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचं मोठं काम त्यांनी केलं, १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवून हरले, पण मंत्री म्हणून पुन्हा कधी बसले नाहीत. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. या चौकातलं स्मारक गोळीबारात गेलेल्यांचं आहे.

आणि हे शेवटचं दृश्य रामटेकचं. संस्कृतचा व्यासंग चिंतामणरावांनी कधी सोडला नाही. कालिदासाचं 'मेघदूत' त्यांनी मराठीत आणलं. धन्याच्या कामात चुकला म्हणून वर्षभरासाठी हद्दपार झालेला यक्ष, आणि त्याचा रामगिरी म्हणजे हाच डोंगर, असं आपल्याकडे मानतात. आषाढ लागलाय. पहिला ढग कड्याला टेकलाय, आणि यक्षाला घरी निरोप धाडायचाय.