पुस्तक कुठलंही असो, खायला पोहेच

(वाचन प्रेरणा दिनानिमित्त एका नगर वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. ग्रंथपालांनी मला दिलेला विषय होता 'वाचनसंस्कृती आणि आपण'. मी म्हटलं, एवढं माझ्याच्याने पेलवणार नाही. वाचनसंस्कृतीची काळजी करायला १५ ऑक्टोबरला पुष्कळ लोक असतात. १६ तारखेला कुणाच्या घरी, किती वाजता जमायचं हे बघणारं कुणी नसतं. आमचं मित्रमैत्रिणींचं वाचनमंडळ बरीच वर्षं चाललंय, तेव्हा मी त्या १६ तारखेबद्दलच बोलते.

लोकांना वाटतं, मंडळं पुस्तकाची निवड चुकली म्हणून बंद पडतात. माझं मत वेगळं आहे. मंडळं स्वयंपाकघरात बंद पडतात. (हशा) हसू नका. पहिल्या घरी चहा आणि खारी असते. दुसऱ्या घरी उपमा. तिसरीला वाटतं, आपण काय कमी आहोत, ती मिसळ करते. चौथीकडे पावभाजी, वर गाजरहलवा. आता पाचवीने काय करायचं? तिच्याकडे अचानक पाहुणे येतात, नाहीतर रंगकाम निघतं. तारीख पुढे जाते, मग आणखी पुढे जाते आणि मग कुणी विचारतही नाही. शिवाय जिच्या घरी बैठक, ती चर्चेला नसतेच. बाईच्या घुसमटीवरच्या कादंबरीवर बाहेर तावातावाने बोलणं चाललंय आणि घरची बाई आत पाव भाजतेय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा आमच्याकडे नियम झाला: पोहे आणि चहा. घर कुणाचंही असो, वाढदिवस असो, नातू झालेला असो, पोहेच. एकांनी ढोकळा आणला तेव्हा तो झाकून ठेवला आणि जाताना त्यांच्याच हातात दिला. थोडं कठोर वाटेल, पण पुढच्या महिन्यात ज्यांच्याकडे बैठक होती त्यांची झोप वाचली.

कपबश्या कोण विसळणार? ज्याने पुस्तक पूर्ण वाचलं नाही तो. ही शिक्षा आम्ही गंमत म्हणून सुरू केली, पण तिचा खरा उपयोग नंतर कळला. काही शिक्षाच नसते तेव्हा न वाचलेला माणूस लाजेने घरी बसतो. लहानशी, आधीपासून ठरलेली शिक्षा असली की तो निवांत येतो, चार कप विसळतो आणि हिशेब मिटतो. त्याला बोलायचीही मुभा आहे. 'शेवट सांगू नका' असं म्हणायची मात्र नाही.

पुस्तक निवडायला मतदान घेऊ नका. मतदानात सगळ्यांना चालेल असं पुस्तक निवडून येतं, हवंहवंसं कुणालाच वाटत नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणी भिशीत मुरलेल्या, त्यामुळे चिठ्ठ्या टाकायच्या हे लगेच पटलं. जिची चिठ्ठी निघेल तिने पुस्तक सांगायचं, इतरांनी नाक मुरडायचं नाही. वर्षभरात प्रत्येकाचा नंबर लागतो. अटी दोनच. पुस्तक दोनशे पानांच्या आसपासचं हवं आणि त्याच्या तीन-चार प्रती गावात मिळायला हव्यात. दुसरी अट जास्त महत्त्वाची. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुतेक वेळा हजारभर प्रतींची. ती संपली की पुढची कधी येईल ते प्रकाशकालाही सांगता येत नाही. महिनाभर आधी इथे ग्रंथपालांना नाव कळवलं तर ते प्रती बाजूला काढून ठेवतात, शेजारच्या गावातल्या वाचनालयातही विचारतात. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे गावोगाव अनुदानित वाचनालयं आहेत, त्यांचा एवढा उपयोग तरी करून घ्या.

बारीक पुस्तकात बोलायला काय मिळणार, असं विचारतात. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' १९३९ चं, वाचायला घेतलं तर दोन-तीन बैठकांत संपेल. त्यातला चक्रधर भेकड की नुसता दुबळा, यावर आमच्याकडे झालेलं भांडण जिन्यात, मग रिक्षा स्टँडपर्यंत चालू होतं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची, खेड्यातल्या शाळामास्तराची गोष्ट, तीही छोटीच. ज्यांनी खेड्यातल्या शाळेत नोकरी केली होती, एरवी गप्प बसणारे, ते त्या दिवशी सगळ्यांत जास्त बोलले.

बोलण्याचा क्रम सांभाळावा लागतो. ज्याला पुस्तक आवडलं नाही त्याने पहिलं बोलायचं. कारण दोघांनी स्तुती केली की तिसरा, कंटाळलेला असला तरी, 'छानच आहे' म्हणून मोकळा होतो. मग चर्चा कसली? ज्याने पुस्तक सुचवलं त्याने आवडीचं एक पान मोठ्याने वाचून दाखवायचं, बचाव करायचा नाही. आणि पहिला अर्धा तास लेखकाच्या खासगी आयुष्यावर बोलायला बंदी. ही बंदी आम्हाला फार जड जाते, हे कबूल. कुणाचं कुणाशी पटत नव्हतं हे आपल्याकडे पुस्तकापेक्षा जास्त लोकांना पाठ असतं.

तारखेबद्दल एकच सांगते. दुसरा रविवार म्हणजे दुसरा रविवार. 'कुणाकुणाला जमेल?' असं विचारलंत की संपलं. चौघं आली तरी बैठक होते. व्हॉट्सॲपच्या गटावर तारीख, पत्ता, पुस्तकाचं नाव, बस. सुप्रभात नाही.

दिवाळीच्या महिन्यात मात्र पुस्तक नसतं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याला ही एक सोय झाली आहे. प्रत्येकाने वेगळा अंक विकत घ्यायचा आणि संक्रांतीपर्यंत फिरवायचा. अंक चहाच्या डागासकट परत येतो, ते चालवून घ्यायचं.

अध्यक्ष, कार्याध्यक्ष नेमू नका. अध्यक्ष आला की सत्कार आला, सत्कार आला की शाल-नारळ आणि मग पोह्यांवर भागत नाही. नव्या माणसाला एकदोनदा पाहुणा म्हणून बोलवा, मग विचारा. आठ-दहापेक्षा जास्त माणसं झाली तर दोन मंडळं करा, वाईट वाटून घेऊ नका.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. नाव लिहा, जवळचा चौक लिहा, म्हणजे एका भागातली माणसं एकत्र येतील. आणि घर कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, हेही लिहा. समोर बसलेल्यांचे गुडघे मला इथून दिसतायत.