फाशीची फाईल कुठे अडते?

एखादा गुन्हा फार भीषण असला की मोर्चे निघतात, 'फाशी द्या'च्या घोषणा होतात आणि सत्र न्यायालयाने फाशी सुनावली की फटाके वाजतात. आपल्या लेखी प्रकरण तिथे मिटलेलं असतं. पण सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात आणताच येत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालय, पुनर्विचार याचिका, राज्यपालांकडे दयेचा अर्ज, मग राष्ट्रपतींकडे. या शतकात आपल्या देशात आजवर आठ माणसं फासावर गेली: २००४ मध्ये कोलकात्यात एक, मग कसाब, अफझल गुरू, याकूब मेमन आणि २०२० मध्ये तिहारमधले चौघे. शिक्षा डोक्यावर घेऊन तुरुंगात बसलेले मात्र पाचशेच्या वर आहेत. म्हणून आज मी दोराबद्दल कमी आणि फाईलबद्दल जास्त बोलणार आहे.

महाराष्ट्रात फाशीची सोय दोनच ठिकाणी आहे, येरवडा आणि नागपूर. तिथल्या फाशी यार्डातल्या माणसाचं कायदेशीर स्थान मोठं विचित्र असतं. जन्मठेपेचा कैदी शिक्षा भोगत असतो. फाशीच्या कैद्याला 'कैद' अशी शिक्षा झालेलीच नसते. त्याला फक्त ताब्यात ठेवलेलं असतं, फाशीसाठी. त्यामुळे सक्तमजुरी नाही. हे ऐकायला सवलत वाटते, पण ज्याने तुरुंगातला दिवस पाहिलाय त्याला विचारा, कामाशिवाय तो कसा जातो. १८९४ चा तुरुंग कायदा सांगतो की अशा कैद्याची झडती घ्यावी, त्याला इतरांपासून वेगळ्या कोठडीत ठेवावं, रात्रंदिवस पहारा द्यावा. त्याने स्वतःच जीव देऊ नये, हीसुद्धा सरकारला काळजी! १९७८ मध्ये सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याला आळा घातला. दयेच्या अर्जासकट सगळे मार्ग संपेपर्यंत तो त्या कलमाच्या अर्थाने फाशीचा कैदी ठरतच नाही, तोवर त्याला एकटं कोंडता येणार नाही, असा तो निकाल.

प्रत्यक्ष फाशीची कृती थोडक्यात सांगतो. आधी कैद्याचं वजन घेतात. वजन कमी तर दोराची सोड जास्त, वजन जास्त तर सोड कमी. मानेचा मणका तुटावा, माणूस गुदमरत राहू नये आणि डोकंही तुटू नये, यासाठी हा हिशोब. कैद्याच्या दीडपट वजनाचं वाळूचं पोतं टांगून दोर तपासतात. हा दोर बहुधा बिहारमधल्या बक्सरच्या तुरुंगातून येतो, तिथले कैदीच तो वळतात. चेहऱ्यावर कापडी टोपी, हात मागे बांधलेले, खटका ओढला की फळ्या खाली. देह अर्धा तास तसाच ठेवतात, मग डॉक्टर खाली उतरून मृत्यूची खात्री करतात. १९८३ मध्ये दीना खटल्यात ही पद्धत घटनेत बसते असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. मला त्या निकालातली शांत, तांत्रिक भाषा आजही पटलेली नाही.

आता फाईल. पुण्यात २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. दोघांची फाशी सर्वोच्च न्यायालयात २०१५ मध्ये कायम झाली. २०१७ मध्ये राष्ट्रपतींनी दया नाकारली. पुढे उरलं होतं फक्त फाशीची तारीख ठरवणारं सत्र न्यायालयाचं वॉरंट. येरवड्याहून त्यासाठी पत्रांवर पत्रं गेली, आणि वॉरंट निघालं एप्रिल २०१९ मध्ये. तारीख पडली २४ जून. उच्च न्यायालयाने फाशी थांबवली आणि जुलैत दोघांची शिक्षा ३५ वर्षांच्या कैदेवर आणली. कारण विलंब. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाने सांगून ठेवलंय की सरकारच्या विनाकारण दिरंगाईत माणसाला रोज मरणाच्या छायेत ठेवणं हीच एक शिक्षा झाली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणी २०२२ मध्ये याच कारणाने वाचल्या; दयेच्या अर्जावर सात वर्षं दहा महिने गेले होते. पुण्याच्या त्या तरुणीच्या आईबापांनी हे कसं समजून घ्यायचं? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की निकाल एखाद्या टेबलावर झोपू शकतो.

मग लगेच कोणी म्हणेल, प्रक्रिया भराभर उरका. उरकली की काय होतं तेही पाहा. अफझल गुरूच्या घरी सरकारी पत्र पोचलं तेव्हा फाशी होऊन गेली होती. याकूबच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाचं दार पहाटे तीननंतर उघडलं, पाचच्या सुमारास निकाल आला आणि सातच्या आत नागपुरात फाशी झाली.

आणि नाशिकजवळच्या बेलतगव्हाणचं प्रकरण पाहा. २००३ मधला दरोडा, खून, बलात्कार. भटक्या समाजातले सहा गरीब तरुण पकडले गेले. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झालं. पुढे २०१४ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात ठरलं की फाशीच्या पुनर्विचार याचिका खुल्या न्यायालयात ऐकायच्या. त्यामुळे या सहा जणांना पुन्हा दार ठोठावता आलं. २०१८ मध्ये जुना निकाल मागे घेतला गेला आणि मार्च २०१९ मध्ये सगळे निर्दोष सुटले. कागदपत्रांत काय सापडलं? वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांचे फोटो ओळखले होते. त्या चौघांवर खटला भरलाच गेला नाही.

२००९ नंतर यांची फाईल जलद हलली असती तर २०१९ मध्ये कोणाला सोडणार होतात? न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि तपासात कसूर करणाऱ्या पोलिसांवर कारवाईचा आदेश दिला. सोळा वर्षं आत काढलेल्या माणसांना.